नोंद जिथे घडते तिथेच

सकाळी ६.४५

मोशी मागे टाकून बस चाकणच्या रस्त्याला लागते, तेव्हा मी फोनवर रात्रपाळीच्या नोंदी चाळत असते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सॉफ्टवेअरचं काम करते. नापास माल, ग्राहकांच्या तक्रारी, ड्रॉइंगबाहेरच्या मालाला सवलत देणाऱ्या डेव्हिएशनची मंजुरी, गेजचं कॅलिब्रेशन असा क्वालिटीचा सगळा कारभार इथे डॉमिनो सर्व्हरवर चालतो. जुनी मंडळी त्याला अजून लोटस नोट्सच म्हणतात. ही सगळी ॲप्लिकेशन्स टेबलासमोर बसणाऱ्या माणसासाठी बांधलेली होती. ती ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर नेऊन मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायची, हे माझं काम.

आज नोंदींमध्ये एक गोष्ट खटकते. आमचा प्रॉडक्शन डे सकाळी ७ ला सुरू होतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरचं सगळं काम आदल्या तारखेत धरायचं असतं. नव्या रिपोर्टमध्ये पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या तारखेत बरोबर बसल्या आहेत आणि त्यानंतरच्या आजच्या तारखेत गेल्या आहेत. साडेपाच ही वेळ दिसली की कारण शोधायला लांब जावं लागत नाही. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. रिपोर्ट यूटीसीमधल्या तारखेची पहिली दहा अक्षरं कापून घेतोय, म्हणून पहाटे साडेपाचपर्यंत तो योगायोगाने बरोबर ठरतो आणि साडेपाच ते सात या दीड तासात चुकतो. दीड तासाचं रिजेक्शन चुकीच्या दिवसावर पडलं, तर सकाळच्या मीटिंगमध्ये चुकीच्या माणसाला जाब विचारला जातो. म्हणून ऑफिसात पोहोचल्यावर पहिलं काम हेच.

सकाळी ७.१०

ऑफिसात जाण्याआधी लाइनवर एक फेरी मारते. पाळी नुकतीच सुरू झालेली असते, पहिल्या नगाची तपासणी चालू असते. नवी स्क्रीन कशी वापरली जाते हे बघायला याहून चांगली वेळ नाही.

पूर्वी इन्स्पेक्टर बोअर गेजने माप घ्यायचा आणि वहीत लिहायचा. पाळी संपताना क्वालिटी ऑफिसातल्या एकुलत्या एका संगणकासमोर रांग लागायची, तिथे बसून नॉन-कन्फॉर्मन्सची नोंद, म्हणजे एनसी, टाकली जायची. तोपर्यंत तेच टूल, तेच सेटिंग आणि तोच दोष घेऊन शेकडो नग पुढे गेलेले असायचे. नोंद खरी असायची, फक्त उशिरा पोहोचायची. आता जॉब कार्डावरचा क्यूआर कोड फोनने वाचला की भागाचा क्रमांक, बॅच, मशीन आणि ऑपरेशन आपोआप भरलं जातं. माप टाकायचं, फोटो काढायचा, लाल टॅग लावायचा, पाठवायचं. पुढच्या ऑपरेशनच्या सुपरवायझरला त्याच वेळी कळतं.

"मॅडम, हे आकडे घेतच नाही बघा."

हाक मारणारे काका निवृत्तीला आलेले इन्स्पेक्टर. मी फोन हातात घेते. त्यांचा कीबोर्ड मराठी आहे. ते ३२.०४ टाकतात, बटण दाबतात, आणि रकाना रिकामाच असल्यासारखा लाल होतो. ब्राउझरच्या आकड्यांच्या रकान्याला इथे फक्त इंग्रजी अंक कळतात. जावास्क्रिप्टला देवनागरी ३२ संख्या म्हणून वाचायला दिलं, तर 'ही संख्याच नाही' असं उत्तर मिळतं.

"काका, कीबोर्ड बदलून बघितलात?"

"बदलतो की. पण खाली शेरा मराठीत लिहायचा, परत वर यायचं, परत बदलायचं. हातात गेज असतो."

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. माणसाने कीबोर्ड बदलायचा की आपण चार ओळी लिहायच्या, याला उत्तर एकच. रकाना साध्या मजकुराचा ठेवायचा, बोट टेकवल्यावर आकड्यांचा कीपॅड उघडायचा, आणि तरी कोणी देवनागरी अंक टाकलेच तर पाठवण्याआधी ते बदलून घ्यायचे. सर्व्हरवरही तीच तपासणी पुन्हा करायची. मी हे वहीत टिपते. खाली आणखी एक ओळ लिहिते: 'पाठवा'चं बटण मोठं हवं, कारण फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये असतो आणि पाउचवर तेल.

सकाळी ९.३०

टीमची रोजची छोटी बैठक, स्टँडअप, आटोपते. तारखेचं काम मी आणि टीममधला ज्युनिअर एकत्र बसून करतो. तो म्हणतो, रिपोर्टमध्ये यूटीसीच्या वेळेतून दीड तास वजा केला की झालं. मी म्हणते, मग उद्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये, परवा डॅशबोर्डवर, प्रत्येक ठिकाणी वजा करत बसावं लागेल, आणि एखाद्या ठिकाणी राहून जाईल. प्रॉडक्शन डे ही कारखान्याची व्याख्या आहे, तिचा हिशेब सर्व्हरवर एकाच जागी व्हायला हवा. नोंद सेव्ह होतानाच तो दिवस स्वतंत्र फील्डमध्ये लिहिला जाईल आणि सगळे रिपोर्ट तोच वाचतील. तासाभरात कोड तयार होतो. चाचण्यांमध्ये ५.२९, ५.३१, ६.५९ आणि ७.०० या चार वेळा मुद्दाम घालतो.

मधल्या वेळात त्याला आमचे दोन रस्ते समजावून सांगते. पहिला एचसीएल नोमॅडचा: जुनं नोट्स ॲप्लिकेशन आहे तसं टॅबवर, फोनवर किंवा ब्राउझरमध्ये चालतं. अकाउंट्स आणि एचआरसारख्या विभागांना तो पुरतो, कारण फॉर्म त्यांच्या ओळखीचे आहेत आणि पुन्हा काही लिहावं लागत नाही. दुसरा डॉमिनो रेस्ट एपीआयचा: डेटा आणि नियम सर्व्हरवर राहतात, समोरची स्क्रीन आम्ही रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये नव्याने बांधतो. लाइनवर दुसराच रस्ता धरावा लागतो. मोठ्या मॉनिटरसाठी आखलेला चाळीस रकान्यांचा फॉर्म फोनवर उघडला म्हणून तो मोबाइल ॲप होत नाही. एनसी टाकताना इन्स्पेक्टरला पाचच गोष्टी ठाऊक असतात. स्क्रीनने तेवढ्याच विचारायच्या.

सकाळी ११.००

आज परचेस विभागाची मागणी चर्चेला आहे. पुरवठादारांना त्यांच्या मालाचं रिजेक्शन मोबाइलवर दिसावं. मागणी चांगली आहे. कास्टिंग पुरवणाऱ्याला दोष फोटोसकट त्याच दिवशी कळला, तर पुढची खेप सुधारून येते. प्रश्न एवढाच, की त्याला आणखी काय दिसेल?

ज्युनिअरने नमुना स्क्रीन बनवून आणली आहे. दिसायला नेटकी आहे, पुरवठादाराला त्याच्याच नोंदी दिसतात, दुसऱ्याच्या लपलेल्या आहेत. मी ब्राउझरमधलं नेटवर्कचं पान उघडते आणि सर्व्हरकडून काय आलं ते दाखवते. सगळ्या पुरवठादारांच्या नोंदी, दर आणि अंतर्गत शेरे असलेला अख्खा गठ्ठा फोनवर येऊन पडला आहे. स्क्रीन त्यातल्या काही नोंदी फक्त दाखवत नाही. तिजोरी उघडी टाकून समोर पडदा ओढण्यातला हा प्रकार. ज्याला पडदा बाजूला करता येतो त्याला सगळं मिळतं.

"मग फिल्टर एपीआयच्या क्वेरीत टाकू?" तो विचारतो.

"क्वेरी लिहिणारा तूच. उद्या दुसरा कोणी दुसरी क्वेरी लिहील. नियम नोंदीतच असायला हवा."

डॉमिनोत याची सोय पहिल्यापासून आहे. डेटाबेसच्या पातळीवर प्रवेशाच्या सात पायऱ्या आहेत, अजिबात प्रवेश नसण्यापासून मॅनेजरपर्यंत. त्याखाली प्रत्येक नोंदीत रीडर्स फील्ड ठेवता येतं. त्यात ज्याचं नाव किंवा ज्याच्या गटाचं नाव नाही, त्याच्यापुरती ती नोंद अस्तित्वातच नसते. तो नोट्समधून येवो, नोमॅडमधून येवो की रेस्ट एपीआयमधून, सर्व्हर ती देतच नाही. ऑथर पातळीच्या माणसांपैकी बदल कोणी करायचा हे ऑथर्स फील्ड ठरवतं. शिवाय एपीआयच्या स्कीमामध्ये कोणते फॉर्म आणि कोणती फील्ड बाहेर जाऊ द्यायची तेही आखता येतं. म्हणजे पुरवठादाराचा गट रीडर्समध्ये, दर आणि अंतर्गत शेरा स्कीमातून बाहेर, आणि स्क्रीनला लपवायला काही शिल्लकच नाही.

या धंद्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. मोबाइल आणि वेब हे जुन्या नोंदवहीकडे जायचे नवे दरवाजे आहेत. दरवाजे कितीही वाढोत, कोणी काय वाचायचं आणि कोणी कशावर सही करायची हे नोंदवहीनेच ठरवलं पाहिजे. नियम स्क्रीनमध्ये गेला की प्रत्येक नव्या स्क्रीनबरोबर तो थोडा थोडा झिजत जातो.

दुपारी १.००

कँटीनमध्ये ज्युनिअर विचारतो, "एवढं जुनं सॉफ्टवेअर कशाला सांभाळायचं? सगळं नव्याने का लिहीत नाही आपण?" प्रश्न रास्त आहे, त्याचं नीट उत्तर द्यायला हवं.

नोट्सचं मूळ १९७३ मधलं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची शिक्षणासाठीची संगणक प्रणाली होती, तिच्यावर डेव्हिड वूली यांनी नोट्स नावाचा चर्चेचा प्रोग्रॅम लिहिला. त्याच विद्यापीठात शिकलेल्या रे ओझी यांनी १९८४ मध्ये आयरिस असोसिएट्स ही कंपनी काढली आणि लोटस या सॉफ्टवेअर कंपनीच्या पैशावर नोट्स बांधलं. पहिली आवृत्ती डिसेंबर १९८९ मध्ये आली. १९९५ मध्ये आयबीएमने सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला लोटस विकत घेतली. नोट्स आणि डॉमिनोसह काही उत्पादनं २०१९ मध्ये १.८ अब्ज डॉलरच्या व्यवहारात नोएडाच्या एचसीएलकडे आली.

त्या काळात नेटवर्क म्हणजे मोडेम आणि टेलिफोनची तार. कायम जोडलेलं राहता येणार नाही, हे गृहीत धरूनच नोट्स घडलं. डेटाबेसची प्रत आपल्या संगणकावर ठेवायची, तिच्यावर काम करायचं, जोडणी मिळाली की दोन्हीकडचे बदल एकमेकांना द्यायचे. यालाच रेप्लिकेशन म्हणतात. नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये काउचडीबी हा डेटाबेस सुरू केला तो याच विचारावर, आणि ब्राउझरमध्ये चालणारा पाउचडीबी पुढे त्याच वंशात आला. आज मोबाइलवाले ज्याला ऑफलाइन-फर्स्ट म्हणतात, त्याचे बरेचसे प्रश्न आपल्या सर्व्हरने फार आधी पाहिलेले आहेत.

"आणि दुसरं," मी त्याला सांगते, "त्या फॉर्ममागच्या प्रत्येक अटीला काहीतरी कारण आहे. या भागाचं डेव्हिएशन ग्राहकाच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही, ही अट कोणीतरी काहीतरी बिघडल्यावर घातली असेल. नव्याने लिहिताना अट कोडमधून सहज गळून पडते, आणि तिचं कारण कोणालाच आठवत नसतं."

नवं लिहायला माझा विरोध नाही. काही ॲप्लिकेशन्स आम्ही पूर्णपणे बदललीही आहेत. पण आधी जुनं वाचायचं, प्रत्येक अटीमागचा माणूस शोधायचा, त्याच्याशी बोलायचं, आणि मग ठरवायचं.

दुपारी २.३०

हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये भट्ट्यांच्या मागच्या बाजूला वाय-फाय पोहोचत नाही आणि मोबाइलची रेंजही टिकत नाही. आज तिथेच टेस्टिंग. ऑफिसात बसून विमान मोड लावल्याने हे काम होत नाही. विमान मोडमध्ये फोनला जोडणी नसल्याचं माहीत असतं. शेडमध्ये जोडणी असल्याचं फोनला वाटतं आणि निरोप मात्र अर्ध्यात अडकतो. खरा त्रास या अर्धवट अवस्थेचा.

आमची व्यवस्था अशी: नोंद आधी फोनवरच्या ब्राउझरच्या साठ्यात, म्हणजे इंडेक्स्ड-डीबीमध्ये, उतरते आणि 'जतन झाली, पाठवायची आहे' असं स्क्रीनवर दिसतं. जोडणी मिळाली की रांगेतून एकेक नोंद जाते. सर्व्हरने पोच दिल्याशिवाय ती रांगेतून निघत नाही. पोच वाटेत हरवली, तर फोन तीच नोंद पुन्हा पाठवणार, म्हणजे सर्व्हरवर एकाच दोषाच्या दोन एनसी. हे टाळायला प्रत्येक नोंदीला जन्मतःच, फोनवरच, स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. तो क्रमांक आधी आलेला असेल तर सर्व्हर नवी नोंद न करता फक्त पोच देतो. फोटो वेगळे जातात आणि लहान करून जातात, कारण फोटो अडकला म्हणून माप अडकता कामा नये.

आता मुद्दाम भांडण लावायचं. मी शेडमध्ये एका नोंदीचा निर्णय 'रिवर्क' असा बदलते. त्याच वेळी ऑफिसात ज्युनिअर त्याच नोंदीला 'स्क्रॅप' करतो. जोडणी येते. नोट्समध्ये अशा वेळी कॉन्फ्लिक्टची वेगळी नोंद तयार होते. वेगवेगळ्या फील्डमध्ये बदल असतील तर ते आपोआप जुळवून घ्यायची सोयही आहे. पण इथे फील्ड एकच आहे. कोणाचं खरं धरायचं? शेवटी आलेल्याचं धरलं, तर स्क्रॅप ठरलेला माल रिवर्कच्या ट्रॉलीत जाईल. म्हणून फोन आपला बदल कोणत्या आवृत्तीवर केला ते सोबत पाठवतो. मधे कोणी बदल केलेला दिसला की ॲप दोन्ही निर्णय नावांसकट, वेळेसकट समोर ठेवतं आणि तोवर माल होल्डवर राहतो. सुपरवायझर ठरवेल. मशीनला हा निर्णय देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खोडलेल्या नोंदींची गोष्टही तपासावी लागते. डॉमिनोत नोंद खोडली तरी तिच्या जागी एक छोटी खूण राहते, डिलीशन स्टब. ती खूण इतर प्रतींना सांगते की ही नोंद गेली. ठरावीक मुदतीनंतर खुणाही साफ होतात. त्या मुदतीत एखादी प्रत जोडलीच गेली नाही, तर खोडलेली नोंद तिच्यातून परत येते. रजेवर गेलेल्या माणसाच्या कपाटात पडून असलेला टॅब हेच करू शकतो. आमच्या ॲपचा नियम म्हणून कडक आहे: मुदतीपेक्षा जास्त दिवस न जोडलेलं यंत्र आपली न पाठवलेली नोंद आधी सुपरवायझरला दाखवेल, मग जुना साठा टाकून नवा घेईल.

सायंकाळी ५.००

क्वालिटी हेडसोबत बैठक. त्यांना डेव्हिएशनची मंजुरी मोबाइलवर हवी आहे. प्लांटबाहेर असले की मंजुरीविना ट्रक थांबून राहतो, ही त्यांची अडचण खरी आहे.

"नोटिफिकेशनमध्येच मंजूर-नामंजूर अशी दोन बटणं द्या," ते म्हणतात. "एका टिचकीत काम."

"साहेब, ट्रक थांबू नये हे मलाही पटतं. पण डेव्हिएशन म्हणजे ड्रॉइंगबाहेरचा माल आपण जाणूनबुजून पुढे पाठवतोय. माप आणि फोटो न बघता सही झाली, तर ऑडिटरला आपण काय सांगणार?"

"मी बघतोच की."

"तुम्ही बघता. पण ही सोय तुमच्यानंतर या खुर्चीत येणाऱ्यालाही मिळणार."

ते थोडा वेळ विचार करतात. मग आम्ही दोघं कागदावर स्क्रीन आखतो. नोटिफिकेशनवर टिचकी मारली की एकच पान उघडेल: ड्रॉइंगवरची मर्यादा, प्रत्यक्ष माप, नगांची संख्या, फोटो, आणि याच भागाला आधी दिलेली डेव्हिएशन. मंजुरीची बटणं त्या पानाच्या शेवटी. नामंजूर केलं तर कारण लिहावंच लागेल. आधीची डेव्हिएशन दाखवायची कल्पना त्यांची, आणि या पानावरची सर्वांत मोलाची माहिती तीच ठरणार आहे. एकाच भागाला पुन्हा पुन्हा सवलत मागितली जात असेल, तर प्रश्न त्या खेपेचा उरत नाही, मशीनचा किंवा ड्रॉइंगचा असतो. संगणकावर ही यादी वेगळ्या व्ह्यूमध्ये होती आणि तिथे जाऊन कोणी बघत नसे. मोबाइलची जागा लहान असते, म्हणून सही करणाऱ्याला नेमकं काय दिसायला हवं हे ठरवणं भाग पडतं. छोट्या पडद्याचा हा मोठा फायदा आहे.

रात्री ९.३०

घरून रिलीज. तारखेची दुरुस्ती आणि देवनागरी अंक, दोन्ही चाचण्यांतून पार पडली आहेत. सर्व्हरवरचा बदल टेम्प्लेटमध्ये टाकते. डॉमिनोचं डिझाइन टास्क नेहमीच्या सेटिंगनुसार रात्री १ वाजता चालतं आणि टेम्प्लेटमधला बदल डेटाबेसमध्ये आपणहून उतरवतं. ब्राउझरमधल्या ॲपची चाल वेगळी आहे. नवा सर्व्हिस वर्कर, म्हणजे ॲपची प्रत फोनवर सांभाळणारी स्क्रिप्ट, उतरतो, पण जुनं पान उघडं असेपर्यंत थांबून राहतो. ही थांबण्याची सवय आम्ही मुद्दाम मोडत नाही. पाळी चालू असताना माणसाच्या हातातली स्क्रीन बदलायची नाही. पुढच्या पाळीत लॉगिन करताना 'नवी आवृत्ती आली आहे' असं एका वाक्यात सांगायचं, काय बदललं तेही मराठीत लिहायचं, आणि मगच बदलायची. उद्याचं वाक्य लिहून ठेवते: 'माप आता मराठी अंकांतही टाकता येईल.'

पुढचं ॲप्लिकेशन गेज कॅलिब्रेशनचं आहे. मुदत संपलेला गेज लाइनवर वापरात राहिला, तर त्याने घेतलेलं प्रत्येक माप संशयाखाली येतं. क्यूआर वाचताक्षणी फोनने सांगायला हवं की या गेजने मोजू नका. त्याची पहिली बैठक ऑफिसातल्या चौथ्या मजल्यावर ठरली होती. ती मी गेज रूममध्ये हलवली आहे, आणि बोलावणं आधी तिथल्या दोन तंत्रज्ञांना गेलं आहे. कोणता गेज कुणाकडे अडकून पडतो आणि का पडतो, ते त्यांना माहीत आहे. फॉर्मची आखणी तिथूनच सुरू व्हायला हवी.